गाडीत सीडी प्लेअर नाही : जुन्या सीडी पेन ड्राइव्हवर कशा घ्याव्यात?

पांझराकाठ
नव्या गाडीत सीडी घालायला फटच नाही, नुसते दोन यूएसबी. घरात मात्र खोकंभर सीडी पडल्यात. नाट्यगीतं, अभंग, वडिलांच्या जुन्या हिंदी, धुळ्यात आग्रा रोडवर घेतलेल्या अहिराणी गाण्यांच्या, शिवाय लग्नाकार्यात कुणी कुणी भरून दिलेल्या.

लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडून गाणी पेन ड्राइव्हवर ओढली तर 'ट्रॅक०१.सीडीए' अशा फाइली येतात. आकार बघावा तर एक केबीसुद्धा नाही. गाडी म्हणते फाइल वाचता येत नाही. काही सीडी मात्र सरळ कॉपी होतात आणि झकास वाजतात. हा भेदभाव का?

दुसरं म्हणजे एमपी३ करावं की आणखी काही? आमचा नेहमीचा रस्ता धुळे, चाळीसगाव, कन्नड घाट, संभाजीनगर. घाटात रेंज जाते, त्यामुळे 'मोबाइलवर लाव' हे उत्तर कृपया नको.

केळीचं_घड
मोबाइलवर लाव.

(हलके घ्या. पळतोय.)

भुसावळ_जंक्शन
वरच्याकडे दुर्लक्ष करा, पांझराकाठ.

ऑडिओ सीडीवर आपण समजतो तशा फाइली नसतातच. १९८० च्या सुमाराला ठरलेल्या मानकाप्रमाणे त्यावर आवाजाचा सलग प्रवाह लिहिलेला असतो, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा वेगळा. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक गाण्यापुढे ४४ बाइटची एक .सीडीए फाइल दाखवतं. त्यात गाणं कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे एवढंच असतं. म्हणजे रिझर्व्हेशनच्या तिकिटावर डबा आणि बर्थ नंबर असतो तसं. तिकीट खिशात घालून डबा घरी येत नाही.

तुमच्या ज्या सीडी सरळ कॉपी होतात त्या एमपी३ सीडी. त्यात खरोखरच्या फाइली आहेत, त्यांना काही करायची गरज नाही. ओळखायची सोपी खूण : एका सीडीत दहा-पंधरा गाणी आणि एकूण ८० मिनिटांच्या आत असेल तर ऑडिओ, शंभर-दीडशे गाणी असतील तर एमपी३.

ऑडिओ सीडी 'रिप' करावी लागते, म्हणजे प्रोग्रॅमने तो आवाज वाचून त्याच्या फाइली बनवायच्या.

चोपडा_चौफुली
+१ जंक्शन.

जास्तीची माहिती : विंडोजमधल्या जुन्या मीडिया प्लेअरमध्ये सीडी घातली की वर 'रिप सीडी' असं बटण येतं. दाबण्याआधी सेटिंगमध्ये फॉरमॅट बघा. डब्ल्यूएमए (विंडोजचा स्वतःचा फॉरमॅट) असेल तर एमपी३ करा आणि 'कॉपी प्रोटेक्ट'ची खूण काढा. विंडोज ११ च्या नव्या मीडिया प्लेअरमध्येही रिपची सोय २०२२ मध्ये आली. मी स्वतः 'फ्री:एसी' वापरतो, फुकट आहे आणि कटकट करत नाही. ओरखडे पडलेल्या सीडीसाठी 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी'. ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतं, म्हणून वेळ खातं. लावून द्या आणि जेवायला जा.

सप्तक
एमपी३? इतका खटाटोप करायचा आणि शेवटी आवाज फेकून द्यायचा? सीडीचा मूळ दर सेकंदाला १,४११ किलोबिट. एमपी३ अगदी ३२० वर केलं तरी पाऊण भाग गेला. फ्लॅक करा, तोही फाइलचा एक फॉरमॅट. निम्म्याच्या आसपास जागा लागते आणि एक बिटही कमी होत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये फ्लॅक वाजतं.

खडखडीत
सप्तकराव, कुठल्या रस्त्यावरून गाडी चालवता? चाळीसगाव सोडलं की खिडकीची काच, डिझेलचं इंजिन, पुढच्या ट्रॉलीतल्या उसाची सळसळ, मागच्या सीटवर 'अजून किती लांब आहे'. या सगळ्यातून तुम्हाला ३२० आणि फ्लॅकमधला फरक ऐकू येत असेल तर तुमच्या कानाला दंडवत.

सप्तक
फरक गाडीत ऐकू येतो असं मी म्हटलंच नाही. सीडी एकदाच रिप करायची असते. उद्या घरात चांगली सिस्टीम आली तर पुन्हा खोकं उघडणार का? फ्लॅक घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, गाडीसाठी त्यातून एमपी३ काढा. फ्लॅकवरून एमपी३ कधीही करता येतं. उलटं केलं तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो.

खडखडीत
हे पटलं. शस्त्र खाली.

पांझराकाठ
धन्यवाद मंडळी. सीडीए प्रकरण समजलं. जागेचा हिशेब कुणी सांगेल का? ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेल?

भुसावळ_जंक्शन
एमपी३, ३२० केबीपीएसला (सेकंदाला किलोबिट) मिनिटाला साधारण २.४ एमबी. ७४ मिनिटांची भरगच्च सीडी म्हणजे पावणेदोनशे एमबी. ३२ जीबीत अशा दीडशेच्या वर सीडी बसतात. १९२ वर केल्या तर त्याच सीडीला शंभर-सव्वाशे एमबी. जुन्या मोनो मुद्रणाची नाट्यगीतं १९२ वर ठेवली तरी काही बिघडत नाही, तिथे मुळातच तबकडीची खरखर आहे.

मोठा पेन ड्राइव्ह घेऊ नका. ३२ जीबीपर्यंत विंडोज स्वतःच एफएटी३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करून देतं. त्यावरच्या ड्राइव्हला ते नेहमीच्या खिडकीत एक्सफॅट नाहीतर एनटीएफएस सुचवतं आणि बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओला ते कळत नाही. पाचशे रुपयांत '२ टीबी' असं लिहिलेला मिळाला तर हात जोडा आणि पुढे चला. त्यात खरी जागा किती ते भरल्यावर कळतं.

अहिरानी_भाऊ
इतला कुटाना कसाले भाऊ? मांगे शालकले बसाडा, तो गाना म्हनी.

केळीचं_घड
शालकाचा आवाज किती केबीपीएस?

अहिरानी_भाऊ
जेवन व्हयनं का ३२०. जेवनना आधी ६४.

रोटाची_परडी
हसून हसून पुरेवाट!

पण मला गंभीर प्रश्न आहे. माझ्याकडे कानबाईच्या (आपल्या खानदेशातली देवी) गाण्यांची सीडी आहे, आमच्या गल्लीतल्या बायकांनी म्हटलेली. कॉम्प्युटरला घातली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात .डॅट फाइली. कॉपी होते, मोबाइलवर नाव दिसतं, पण गाडीत काहीच नाही. श्रावणात माहेरी जाताना लावायची आहे. शिरपूर ते शहादा तेवढीच ऐकत जाऊ.

चोपडा_चौफुली
ती व्हीसीडी आहे, म्हणजे चित्रफीत. अहिराणी गाण्यांचा एका काळचा बाजार बहुतेक व्हीसीडीवरच होता, बसस्टँडबाहेर टोपलीत मिळायच्या. डॅट फाइल म्हणजे एमपीईजी-१ चा व्हिडिओ, वेगळं पाकीट. व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून 'कन्व्हर्ट' करून नुसता आवाज एमपी३ मध्ये काढता येतो. व्हीसीडीतला आवाज मुळात २२४ केबीपीएसचा एमपी२ असतो, त्यामुळे एमपी३ ला १९२ किंवा २५६ भरपूर झालं. ३२० करून फक्त जागा भरेल.

डॅट फाइल कॉपी होताना मध्येच त्रुटी येऊन थांबली तर 'आयसोबस्टर'सारख्या प्रोग्रॅमने काढा. व्हीसीडीवर व्हिडिओ ज्या तऱ्हेने लिहिलेला असतो त्यात चूकदुरुस्तीची जादाची माहिती नसते. ओरखडा पडला की साधी कॉपी तिथेच अडकते.

रोटाची_परडी
झालं! आवाज निघाला. चौफुली, तुमच्या घरी रोट पाठवते.

तापीचं_पाणी
एक वेगळा मुद्दा, आवडला नाही तर सोडून द्या. आपण सगळे तंत्रावर बोलतोय, पण या धाग्याचं खरं कारण कन्नड घाटातली रेंज नाही. हिंदी, नाट्यगीत, अभंग यातलं बहुतेक आज फोनवर मिळतं, गाणं डाउनलोड करून ठेवलं की घाटातही वाजतं. मिळत नाही ते आपल्याकडचं. वही गायनाच्या (खानदेशी लोकगायन) फडाचं मुद्रण, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटलेली गाणी, कुणाच्या तरी आत्याने लग्नात म्हटलेल्या ओव्या. हे कुठल्याच मोठ्या कंपनीच्या यादीत चढलेलं नाही. मी शोधून शोधून थकलो. अॅपमध्ये 'अहिराणी' टाकलं की डीजेचं नवं गाणं येतं, ज्यात नाव अहिराणी आणि बाकी सगळं ढोल.

म्हणून माझा सल्ला पांझराकाठ यांच्या प्रश्नाला थोडा उलटा आहे. हिंदीच्या सीडीत वेळ घालवू नका. आधी त्या 'लग्नाकार्यात कुणी भरून दिलेल्या' सीडी काढा. घरी भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, लेसरने त्यावरच लिहिलेलं असतं. तो ऊन आणि उष्णतेने उतरतो. कारखान्यात छापलेल्या सीडीत खळगे दाबून उठवलेले असतात, त्या मानाने त्या टिकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या घरगुती सीडीचं काय होत असेल ते सांगायला नको.

केळीचं_घड
एवढं गंभीर? बरं, मान्य. पॉपकॉर्न परत ठेवतो.

नवापूर_नाका
तापीचं पाणी यांना जोरदार अनुमोदन. डीजेबद्दल थोडं सांभाळून मात्र. तेच डीजेवाले पोरं आज अहिराणीत लिहितायत म्हणून माझा आठवीतला मुलगा घरात अहिराणी बोलतो. आमच्या पिढीला शाळेत त्याची लाज वाटायची.

तापीचं_पाणी
मान्य. ढोल कमी करा एवढंच म्हणणं.

कायद्याचं_बोला
कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. हे कायदेशीर आहे का?

भुसावळ_जंक्शन
आले! वाटच बघत होतो.

कायद्याचं_बोला
चिडू नका, उत्तर बरंचसं तुमच्याच बाजूचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(क) मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या उचित वापराला सूट आहे. २०१२ च्या दुरुस्तीत ही सूट संगणक प्रोग्रॅम सोडून सर्व प्रकारच्या कृतींना लागू झाली, म्हणजे ध्वनिमुद्रणही त्यात आलं. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःच्या गाडीत ऐकायला उतरवून घेणं त्यात बसतं असं मी मानतो. तोच पेन ड्राइव्ह भरून दहा जणांना विकला तर तो गुन्हा.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. गाण्याच्या शब्दांचा हिशेब वेगळा, कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि कविता १९५२ साली पुस्तकरूपात आल्या. कसंही मोजलं तरी शब्दांवरचा हक्क केव्हाच संपला. पण त्या कवितांना कुणी नंतर चाल लावून मुद्रण केलं असेल तर त्या चालीचा आणि मुद्रणाचा हक्क त्यांचा वेगळा. दोन्ही एकत्र करू नका, लोक इथेच घोळ घालतात.

खडखडीत
म्हणजे बसस्टँडवरचा 'शंभर रुपयांत दोन हजार गाणी भरून देतो'वाला?

कायद्याचं_बोला
त्याला माझा नंबर देऊ नका.

मेहरूणचा_मासा
तो भरून देणारा कायद्यात बसो न बसो, गाणी बेकार देतो हे नक्की. आमच्या गावातल्या एका दुकानातून असा भरलेला पेन ड्राइव्ह आणला होता. एकच गाणं पाच वेगवेगळ्या नावांनी, प्रत्येकाच्या सुरुवातीला कुठल्यातरी वेबसाइटचं नाव ओरडणारी बाई, आणि मध्ये मध्ये मोबाइलची रिंगटोन. जळगावला गोलाणी मार्केटात बाहेरचा डीव्हीडी रायटर घेतला, त्यापुढे सगळं घरीच.

पांझराकाठ
अपडेट. ऑडिओ सीडी रिप झाल्या, सप्तक म्हणतात तसं फ्लॅक घरी ठेवून एमपी३ गाडीला. घरगुती सीडी आधी घेतल्या. वाचेनात अशा काही निघाल्या, पण दुसऱ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर त्यातल्याही बऱ्याच उतरल्या.

आता नवीन भानगड. अभंगाच्या फोल्डरमध्ये गाणी वाटेल त्या क्रमाने वाजतात. नावं ०१, ०२ अशी आहेत, लॅपटॉपवर क्रम बरोबर दिसतो. गाडीत मात्र सातवं आधी, मग तिसरं. शिवाय मराठी नावांच्या जागी चौकोन. आणि नाट्यगीत ऐकायला आवाज वाढवला की पुढचं लग्नातलं गाणं कानठळ्या बसवतं. चालवताना दचकायला होतं.

चोपडा_चौफुली
तिन्हींचा इलाज आहे.

क्रम : बरेच स्टिरिओ नाव बघतच नाहीत. पेन ड्राइव्हच्या यादीत फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून मधलीच एखादी धरून ओढली तर तीच आधी जाते. म्हणून निवडल्यावर पहिली फाइल धरून ओढा. सगळा ड्राइव्ह भरून झाला असेल तर 'ड्राइव्हसॉर्ट' नाहीतर लिनक्सवर 'फॅटसॉर्ट' चालवा, पुन्हा कॉपी न करता यादी लावून मिळते. ड्राइव्ह एफएटी३२ असला पाहिजे.

चौकोन : स्टिरिओत देवनागरी फाँट नाही. 'एमपी३टॅग' मध्ये गाण्याची आतली नावं रोमन लिपीत करा. फाइलचं नाव बदलून भागत नाही, गाडी बहुधा आतलं नाव दाखवते.

आवाज : 'एमपी३गेन' हा प्रोग्रॅम. सगळी गाणी निवडा, ८९ डेसिबल आहे तेच ठेवा, 'ट्रॅक गेन' दाबा, म्हणजे प्रत्येक गाणं सारख्या आवाजाला येतं. गाणं पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा जात नाही.

सप्तक
अभंगासाठी ट्रॅक गेन नको, अल्बम गेन, म्हणजे सगळी सीडी एकदम वरखाली होते. नाहीतर मुद्दाम हळू म्हटलेलं गाणंही ओढून वर येतं.

मैफलीच्या सीडी असतील तर आणखी एक. एकाच रागाचे विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात, गाडी मध्ये क्षणभर थांबते आणि समेवरच तडाखा बसतो. असली सीडी ट्रॅक न तोडता एकच लांब फाइल करून रिप करा.

मॅकवाली_वहिनी
मॅकवर कॉपी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी एक लपलेली फाइल जाते. गाडीत गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक वाजत नाही. टर्मिनलमध्ये 'डॉट क्लीन' ही आज्ञा आहे, किंवा विंडोजवाल्या दिराकडून पुसून घ्यायचं. मी दुसरा मार्ग घेते.

अहिरानी_भाऊ
तुमनं म्हननं बराबर शे वहिनी. देरले बी काही काम पाहिजे.

साक्री_सुसाट
उशिरा आलो. पांझराकाठ, दोन यूएसबी आहेत म्हणालात ना? त्यातला एखादा नुसता चार्जिंगचा असू शकतो. ज्याच्यावर यूएसबीचं चिन्ह आहे, विजेचं नाही, तो डेटाचा. आणि पेन ड्राइव्ह उन्हात गाडीत राहू देऊ नका, निदान मे महिन्यात तरी. लालिंगच्या ढाब्यावर शेवभाजी खाऊन परत आलो तर ड्राइव्हला हात लावता येत नव्हता. वाजला पुढे, पण त्याची एक प्रत घरी हवीच.

खडखडीत
कुठला ढाबा?

साक्री_सुसाट
नाव सांगत नाही. तिथे आधीच बसायला जागा मिळत नाही.

केळीचं_घड
धागा अखेर मूळ विषयावर आला.

रोटाची_परडी
शेवभाजीवाल्यांनी वेगळा धागा काढा. :)

माझं एक राहिलं. व्हीसीडीतून काढलेल्या काही गाण्यांत डाव्या स्पीकरमधून बायकांचा आवाज आणि उजव्यातून नुसतं वाद्य येतं. मी चालवत असते, माझ्या बाजूला उजवा. मला फक्त ढोलकी ऐकू येते, गाणी शेजारी बसलेल्या सासूबाईंना.

चोपडा_चौफुली
ती कराओकेच्या पद्धतीने भरलेली दिसते. त्या व्हीसीडीत एका बाजूला गायन आणि दुसऱ्या बाजूला संगीत असं सर्रास ठेवायचे, म्हणजे टीव्हीवर गायन बंद करून स्वतः म्हणता यावं. 'ऑडेसिटी'मध्ये गाणं उघडा, ट्रॅक्सच्या मेनूत 'मिक्स' खाली 'स्टीरिओ टू मोनो' करा आणि एमपी३ म्हणून पुन्हा साठवा. दोन्ही बाजूंना सगळं येईल. मूळ फाइल पुसू नका, कुणाला कधी नुसत्या ढोलकीवर म्हणायचं असेल.

रोटाची_परडी
सासूबाई म्हणतात मोनो करू नको, त्यांना असंच आवडतं. आता काय करू?

अहिरानी_भाऊ
गाडी सासूले चालाडू द्या.